गार पाण्याच्या अरुंद घळीत मित्रांसोबत: निवडीपासून बाहेर पडेपर्यंत

तिसरा कडा उतरून आम्ही पाच जण कमरेएवढ्या पाण्यात उभे होतो आणि वर अडकलेला दोर काही केल्या खाली येत नव्हता. बाहेर कडक ऊन होतं, पण त्या घळीच्या तळाशी उन्हाचा कवडसाही पोचत नव्हता. दोर सुटायला चाळीस मिनिटं लागली. पुढच्या कड्यापाशी मी एका मित्राला म्हटलं, “तुझा कॅराबिनर उघडून दे.” तो त्या धातूच्या कडीचा स्क्रू फिरवत राहिला, फिरवतच राहिला. मी त्याला अंगठा करंगळीला टेकवून दाखवायला सांगितलं. त्याचा अंगठा तर्जनीपाशी येऊन थांबला आणि तो अगदी शांतपणे म्हणाला, “टेकला की.”

त्या दिवशी सगळे सुखरूप बाहेर आलो. पण तेव्हापासून मी कुठल्याही घळीचा विचार करताना कडे किती उंच आहेत हे नंतर बघतो. आधी विचारतो ते हे, की थंड पाण्यात आपल्याला किती वेळ नुसतं उभं राहावं लागेल? चालणारा, पोहणारा, चढणारा माणूस बऱ्यापैकी उबदार राहतो. पाण्यात थांबलेला माणूस गारठतो, त्याची बोटं चालेनाशी होतात, बोटं चालली नाहीत की दोराचं काम रखडतं, आणि काम रखडलं की सगळ्यांनाच आणखी थांबावं लागतं. पुढचं सगळं हे चक्र सुरू होऊ नये यासाठी लिहिलं आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. लेख वाचून दोरावर उतरायला शिकता येत नाही. रॅपलिंग (दोरावरून उतरणं), अँकर (दोर अडकवायचा भक्कम आधार) बांधणं, अडकलेल्या माणसाला सोडवणं हे जाणकाराकडून, कोरड्या कड्यावर शिकून घ्या. गटात किमान दोघांना हे सगळं झोपेतून उठवलं तरी करता आलं पाहिजे. एकालाच येत असेल आणि नेमका तोच जायबंदी झाला, तर बाकीचे घळीत कोंडले जातात.

घळ कशी निवडायची

स्लॉट कॅनियन म्हणजे पाण्याने खडकात, बहुतेकदा वालुकाश्मात, कोरलेली अतिशय अरुंद आणि खोल घळ. काही ठिकाणी हात पसरले तर दोन्ही भिंतींना टेकतात, काही ठिकाणी अंग आडवं करून सरकावं लागतं. अमेरिकेतल्या युटा आणि अॅरिझोनामधल्या घळी जगभर प्रसिद्ध आहेत. अशा घळीत वरून शिरायचं, दोराने टप्प्याटप्प्याने उतरायचं आणि खालच्या तोंडातून बाहेर पडायचं. पहिला दोर खाली ओढून घेतला की परतीची वाट सहसा बंद होते. म्हणून निवड घरी बसून, नीट विचार करून करायची.

अमेरिकेत घळींना श्रेणी देतात, उदाहरणार्थ 3बी III. पहिला आकडा 1 ते 4 असतो आणि तो कौशल्य सांगतो. 3 म्हणजे दोराने उतरावं लागणार. अक्षर पाण्याचं. ए म्हणजे कोरडी किंवा नावापुरतं पाणी, बी म्हणजे साचलेलं किंवा संथ पाणी, ज्यात पोहावं लागू शकतं, आणि सी म्हणजे जोराचा प्रवाह. रोमन आकडा वेळेचा. III म्हणजे दिवसाचा बराचसा भाग जाणार. शेवटी आर किंवा एक्स असेल तर धोका नेहमीपेक्षा जास्त आहे असं समजायचं. युरोपात फ्रेंच पद्धत चालते. तिच्यात कड्यांची आणि पाण्याची काठिण्यपातळी वेगवेगळी देतात आणि बाहेर पडणं किती अवघड आहे हे रोमन आकड्यात सांगतात.

मित्रांसोबतच्या पहिल्या ओल्या घळीसाठी बी दर्जाची, संथ पाण्याची, छोट्या कड्यांची आणि मध्येच बाहेर पडायला एखादी वाट असलेली घळ घ्या. वाहत्या पाण्याची घळ हा वेगळाच विषय आहे. तिथे दोराची तंत्रंसुद्धा बदलतात आणि तिचं शिक्षण वेगळं घ्यावं लागतं.

श्रेणी कळली तरी आजची परिस्थिती कळत नाही. गेल्या काही दिवसांत कोणी ती घळ केली असेल तर त्यांना तीन गोष्टी विचारा. पाणी किती आणि किती गार होतं, सर्वांत लांब पोहणं किती होतं, आणि अँकर कोणत्या अवस्थेत होते. पाण्याची पातळी प्रत्येक पुरानंतर बदलते. गेल्या वर्षी जिथे गुडघाभर पाणी होतं, तिथे यंदा वीस मीटर पोहावं लागू शकतं. उलट डोह आटला असेल तर तेही वाईट. ते का, हे पुढे येईलच.

आभाळ, आणि आपल्या डोक्यावर नसलेलं आभाळ

थंडी हळूहळू माणसाला हरवते. पूर तेवढीही सवड देत नाही.

14 सप्टेंबर 2015 रोजी युटामधल्या झायन नॅशनल पार्कमध्ये, कीहोल नावाच्या छोट्याशा, काही तासांत संपणाऱ्या घळीत सात जणांचा गट उतरला होता. अचानक आलेल्या पुरात सातही जण गेले. 12 ऑगस्ट 1997 रोजी अॅरिझोनातल्या लोअर अँटिलोप कॅनियनमध्ये 11 जण वाहून गेले. पाऊस त्यांच्या डोक्यावर नव्हे, मैलोगणती दूर, वरच्या अंगाला पडला होता. 27 जुलै 1999 रोजी स्वित्झर्लंडमधल्या झाक्सेटनबाख ओढ्यात 21 जण दगावले आणि त्यांत अनुभवी मार्गदर्शकही होते.

म्हणून नुसता घळीच्या तोंडाचा हवामान अंदाज बघून भागत नाही. नकाशा उघडा, घळीच्या वरचं सगळं पाणलोट क्षेत्र बोटाने आखा आणि त्या सगळ्या पट्ट्याचा अंदाज बघा. उघड्या खडकाचं पाणलोट सर्वांत घातक, कारण तिथे पाणी मुरत नाही, थेंबन् थेंब घळीकडे धावतो. दुपारनंतर गडगडाटी ढग जमण्याचा मोसम असेल तर उजाडताच शिरा आणि दुपारच्या आत बाहेर पडा. सरकारी हवामान खातं अचानक पुराची शक्यता दर्शवत असेल तर घळ सोडून द्या. परवाना मिळाला आहे, सगळ्यांनी रजा काढली आहे, लांबचा प्रवास करून आलो आहोत, यांतलं एकही कारण त्या निर्णयात धरू नका. रद्द करण्याची अट आदल्या रात्रीच सगळ्यांसमोर बोलून ठेवली तर सकाळी कोणालाच वाईटपणा घ्यावा लागत नाही.

आत असताना चार गोष्टींकडे लक्ष ठेवा. स्वच्छ पाणी एकाएकी गढूळ होणं, पाण्यावर काटक्या-पालापाचोळा येऊ लागणं, वरच्या बाजूने वाऱ्याचा झोत येणं आणि लांबून येणारी घरघर. यांतलं एक जरी जाणवलं तरी सामान सोडून उंच जागा गाठायची. पाण्याच्या पुढे पळत सुटणं उपयोगाचं नाही. उतरताना प्रत्येक वळणावर ‘आत्ता पाणी आलं तर कुठे चढायचं’ हे मनात ठरवत जा. भिंतीत अडकलेले ओंडके तुमच्या डोक्याच्याही खूप वर दिसले तर पाणी तिथवर चढलं होतं एवढं समजून घ्या. वर पोचल्यावर ओसरलं ओसरलं म्हणून लगेच उतरू नका. पुराचा दुसरा लोंढाही येतो.

किती जण आणि कोण

झायनमध्ये एका गटात जास्तीत जास्त 12 जणांना परवानगी असते. थंड घळीसाठी माझ्या मते चार हा उत्तम आकडा, सहा ही मर्यादा. हिशोब सोपा आहे. प्रत्येक कड्यावर एका माणसाला पाच मिनिटं धरली आणि कडे सहा असले, तर एका जास्तीच्या माणसामुळे बाकी सगळ्यांचं थांबणं अर्ध्या तासाने वाढतं. आणि ते बहुतेक पाण्यात.

गटाची ताकद सर्वांत बारीक, सर्वांत लवकर गारठणाऱ्या माणसावर ठरते. सडपातळ माणसं लवकर थंड पडतात. अशा मित्राला जाड वेटसूट द्या, त्याला सर्वांत आधी उतरवू नका आणि शेवटीही ठेवू नका. पोहता न येणाऱ्याला लाइफ जॅकेट देऊन नेऊ असं म्हणणारे भेटतात. थंड पाण्यात अचानक बुडाल्यावर पहिला मिनिटभर श्वास ताब्यात राहत नाही. पोहणाऱ्यालाही तेव्हा भीती वाटते. पाण्यात सहज वावरता न येणाऱ्याला पहिल्यांदा कोरड्या घळीत न्या.

अंगावर काय

पाणी अंगातली ऊब स्थिर हवेपेक्षा साधारण 25 पट वेगाने ओढून घेतं. हवा 30 अंश असली तरी डोहातलं पाणी 10 अंशांचं असू शकतं, कारण त्याला ऊन लागतच नाही. तेव्हा कपडे पाण्याकडे बघून निवडायचे.

वेटसूट अंग कोरडं ठेवत नाही. त्याच्या निओप्रीन या फेसाळ रबरातले वायूचे बारीक बुडबुडे ऊब अडवतात आणि आत शिरलेला पाण्याचा पातळ थर अंगाच्या उबेने कोमट होऊन तिथेच राहतो. सूट सैल असेल तर तो थर दर हालचालीला बाहेर जातो आणि नवं गार पाणी आत येतं. म्हणून जाड पण ढगळ सुटापेक्षा थोडा पातळ पण अंगाला चिकटून बसणारा बरा. घालून बघताना हात वर करा, उकिडवे बसा, कमरेपाशी पोकळी राहते का ते तपासा. 4/3 असं लिहिलं असेल तर धडाला 4 मिलिमीटर आणि हातापायांना 3 मिलिमीटर जाडी. दिवसभराच्या गार घळीसाठी मी 4/3 पेक्षा कमी घेत नाही. सतत पोहणं आणि सावली असेल तर 5 मिलिमीटर. त्याहून गार किंवा वाहत्या पाण्याच्या घळीत लोक 7 मिलिमीटर किंवा ड्रायसूट, म्हणजे पाणी आत येऊ न देणारा सूट, वापरतात, पण ड्रायसूट खडकावर घासून फाटला तर आत पाणी भरतं. वालुकाश्म सॅंडपेपरसारखा असतो. सुटाची सगळ्यात आधी बसायची जागा फाटते, म्हणून वरून जाड कापडाची जुनी हाफपॅंट घाला.

डोक्याला पातळ निओप्रीनची टोपी, हेल्मेटच्या आत बसेल अशी. या छोट्याशा वस्तूने जितका फरक पडतो तितका एखादा मिलिमीटर जाडी वाढवूनही पडत नाही, असा माझा अनुभव आहे. पायात निओप्रीनचे मोजे आणि ओल्या खडकावर पकड देणारे, घोटा सांभाळणारे बूट. हातमोजे पातळ घ्या. जाड मोजे घातले की गाठी मारता येत नाहीत, मग लोक ते काढतात आणि हातच पहिल्यांदा बधिर होतात. सुती कपडे काहीही झालं तरी नकोत.

वेटसूट पहिल्या पाण्यापाशी पोचल्यावर घाला. घळीच्या तोंडापर्यंतची चाल उन्हात असते. सूट घालून चाललात तर घामाने निथळाल, पाणी कमी पडेल आणि थकून आत शिराल. पण पहिल्या डोहापाशी आळस करू नका. ‘एवढंसंच तर पाणी आहे, पुढे घालू’ असं म्हणून उतरलेला माणूस ओल्या अंगावर थरथरत सूट चढवताना मी पाहिला आहे. त्यात वीस मिनिटं गेली आणि सगळ्यांची गेली.

दोर आणि बाकी सामान

दोर कमी ताणाचा, म्हणजे स्टॅटिक, 8 ते 9.5 मिलिमीटर जाडीचा. चढाईचा ताणणारा दोर इथे चालत नाही. तो कडेवर वरखाली घासतो आणि कापला जातो. पॉलिस्टरचं बाहेरचं वेष्टण असलेला दोर नायलॉनपेक्षा कमी पाणी पितो, म्हणून ओझंही कमी वाढतं. सर्वांत उंच कड्याच्या किमान दुप्पट लांबी हवी, किंवा तेवढी भरेल असा दोर आणि ओढदोर, म्हणजे मुख्य दोर खाली ओढून घ्यायची दोरी. याशिवाय आणीबाणीसाठी एक दोर वेगळा. पहिला अडकला किंवा कापला गेला तर तोच बाहेर काढतो. दोर गुंडाळून खांद्यावर टाकू नका. पिशवीत भरा, भरताना हाताने थोडा थोडा दाबत जा म्हणजे सोडताना गुंता होत नाही. पिशवी तरंगणारी असेल तर उत्तम.

प्रत्येकाकडे हार्नेस (कमरेला आणि मांड्यांना बांधायचे पट्टे), हेल्मेट, घर्षण कमी-जास्त करता येणारा डिसेंडर (दोरावर उतरताना वेग आवरणारं साधन), अँकरला अडकवायचा पट्टा, दोन-तीन लॉकिंग कॅराबिनर, मुख्य दोराला गाठीने आवळून धरणाऱ्या, दोरावर चढायला लागणाऱ्या प्रुसिकच्या दोऱ्या, शिट्टी आणि एका हाताने उघडणारा छोटा चाकू. गटात मिळून पुरेशी वेबिंग (अँकर बांधायची सपाट विणलेली पट्टी), काही रिंगा, प्रथमोपचार पेटी आणि दोन हेडलॅम्प तरी.

कोरडं राहायलाच हवं असं सामान दुहेरी बंदोबस्तात ठेवा. आतमध्ये गुंडाळून बंद होणारी ड्रायबॅग आणि बाहेर फिरकीच्या झाकणाचा जाड प्लास्टिकचा डबा. त्यात कोरडा उबदार कपडा, टोपी, आणीबाणीची चकचकीत पिशवी किंवा ब्लँकेट आणि काडेपेटी. पाठपिशवीला खाली भोकं असलीच पाहिजेत. नाहीतर डोहातून वर येताना दहा लिटर पाणी पाठीवर येतं. डब्यातली हवा पिशवी तरंगवते, त्यामुळे पोहताना पाठीवर उताणे पडून पिशवीवर टेकता येतं.

खाणं खिशात ठेवा. पिशवी उघडून बसण्याइतका थांबा थंड घळीत परवडत नाही. गोड आणि चरबीयुक्त असं काहीतरी, हातमोज्यांसह तोंडात टाकता येईल असं, दर तासाला. थर्मासमध्ये गरम गोड पेय ठेवा आणि ते गरज पडायच्या आधीच, मध्यावर, सगळ्यांनी प्या. पाणी पिणंही विसरू नका. थंडीत लघवी जास्त होते आणि तहान जाणवत नाही.

कोणालातरी मार्ग, गटातल्यांची नावं आणि ‘या वेळेपर्यंत फोन आला नाही तर बचाव पथकाला कळव’ असं लिहून देऊन जा. 2003 मध्ये युटाच्या ब्लूजॉन कॅनियनमध्ये अॅरन राल्स्टनचा हात दगडाखाली अडकला. तो एकटा होता आणि कुठे जातोय हे त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं. उपग्रहावर चालणारं यंत्र जवळ असलं तरी अरुंद घळीच्या तळाशी आकाशाची फटच दिसते, तिथून संदेश जाईलच असं नाही.

कडा उतरताना

पाण्याच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून शिट्टीच्या खुणा आधी ठरवा. अमेरिकेत रुळलेली पद्धत अशी. एक शिट्टी म्हणजे थांब, दोन म्हणजे दोर वर घे, तीन म्हणजे दोर खाली सोड, चार म्हणजे मी दोरातून मोकळा झालो आणि सतत वाजणारी शिट्टी म्हणजे संकट. दुसरी पद्धत ठरवलीत तरी चालेल, फक्त प्रत्येकाकडून ती तोंडपाठ म्हणवून घ्या.

कड्याच्या माथ्यावर पोचल्याबरोबर आधी स्वतःला पट्ट्याने अडकवा. मग अँकर बघा. तिथे आधीच्या गटांची वेबिंग असेल तर तिच्यावर डोळे झाकून विसंबू नका. उन्हाने पांढरट पडलेली, हाताला कडक लागणारी, उंदरांनी कुरतडलेली वेबिंग कापून काढा आणि नवी बांधा. ती पूर्ण फिरवून मागची, दगडाला टेकलेली बाजूही बघा. पुराने अँकरचा दगडच हलला असेल, हेही तपासा. दोर वेबिंगमधून थेट कधीच ओवायचा नाही. ओढताना घर्षणाच्या उष्णतेने नायलॉन वितळतं. मध्ये धातूची रिंग हवीच.

एकेरी दोरावर, म्हणजे रिंगमधून ओवलेल्या दोराच्या एकाच बाजूवर, उतरायचं असेल तर दुसऱ्या, नंतर ओढायच्या बाजूला क्लोव्ह हिच गाठीने कॅराबिनर बांधून तो रिंगला अडवतात. कॅराबिनर रिंगमधून निसटू शकणार नाही इतकी रिंग लहान असली पाहिजे. सर्वांत भयंकर चूक म्हणजे कोणीतरी चुकून ओढायच्या बाजूच्या दोरावर डिसेंडर लावणं. ती बाजू पिशवीत बंद करून बाजूला अडकवून ठेवा आणि प्रत्येकाने उतरण्याआधी दुसऱ्याकडून तपासून घ्या. हार्नेस, कॅराबिनरचं कुलूप, दोराची बाजू. तोंडाने म्हणत, बोटाने स्पर्श करत. गारठलेला मेंदू ‘झालं असेल’ असं समजून पुढे जातो, स्पर्श केलेलं मात्र खरं असतं.

खाली डोह असेल तर दोराची लांबी अशी ठेवा की टोक जेमतेम पाण्याला टेकेल. जास्तीचा दोर पाण्यात पसरला की तो पायांत गुंततो. पाण्यात उतरल्यावर माणूस सरळ पुढे सरकला की दोर डिसेंडरमधून आपोआप सुटतो. पाणी प्रवाही असेल तर टोकाला अडवणारी गाठ मारू नका. तिच्यापाशी अडकलेला माणूस पाण्याखाली ओढला जातो. कोरड्या कड्यावरचे नियम इथे उलटतात आणि त्यामुळेच कोरड्या कड्यांवर चांगला सराव असलेले लोकही इथे चुकतात. धबधब्याखाली प्रुसिकचा बॅकअप लावणंही याच जातीचं. तो घट्ट बसला तर माणूस पाण्याच्या माऱ्याखाली टांगलेला राहतो. त्याऐवजी आधी उतरलेल्याने खालून दोर धरावा आणि गरज पडली की ओढून ब्रेक लावावा. वरचा अँकरही भार असताना सोडता येईल असा बांधा, म्हणजे केस किंवा कपडा डिसेंडरमध्ये अडकलाच तर माणसाला वरून हळूच खाली सोडता येतं. म्हणूनच केस बांधून आत खोचा.

शेवटचा माणूस उतरण्याआधी खालच्याने ओढून बघावं. दोर दोन हात सरकला तरच शेवटच्याने निघायचं. शेवटच्याने उतरताना दोन्ही दोर एकमेकांना पिळले जाणार नाहीत, कडेवरच्या खाचेत बसणार नाहीत हे बघायचं, आणि ओढताना वर जाऊन रिंगमधून निघणाऱ्या टोकाला एकही गाठ नाही याची खात्री करायची. आमचा तो चाळीस मिनिटांचा खोळंबा एका राहून गेलेल्या गाठीमुळेच झाला होता. दोर अडकलाच तर उभं राहण्याची जागा बदलून वेगळ्या कोनातून ओढा, लाटेसारखा झटका द्या. अडकलेल्या दोरावर चढून वर जाऊ नका. तो कशाने धरलाय हे तुम्हाला माहीत नसतं आणि तो केव्हाही सुटू शकतो. एक जण दोराशी झुंजत असताना बाकीच्यांनी पाण्याबाहेर, जमेल त्या कपारीत चढावं.

मऊ दगडात दोर ओढून ओढून खोल खाचा पडतात. अँकर कडेच्या पुढपर्यंत लांबवला तर दगडही वाचतो आणि दोरही सहज येतो.

डोह, रांजणखळगे आणि चिंचोळी वाट

पाण्याने गरगर फिरणाऱ्या दगडगोट्यांनी कोरलेले खोल रांजणखळगे हा या घळींचा खास प्रकार. काठोकाठ भरलेला असेल तर पोहून पलीकडे जाता येतं. पाणी कमी असेल तर पलीकडचा काठ डोक्याच्या वर, भिंत गुळगुळीत आणि पायाखाली टेकायला काही नाही. यातून बाहेर पडता न येणारी माणसं तिथेच गारठतात. म्हणून सगळ्यांनी एकदम आत उतरायचं नाही. पहिला माणूस दोर बांधूनच उतरेल आणि तो पलीकडे निघेपर्यंत बाकीचे वरच थांबतील.

निघण्याचे मार्ग तीन. उथळ असेल तर एकाच्या खांद्यावर दुसरा उभा राहतो. खोल असेल तर पिशवीत पाणी किंवा वाळू भरून, तिला दोर बांधून ती काठापलीकडे फेकायची. तिच्या वजनाने ती पलीकडे धरून राहते आणि दोराला धरून एक जण चढतो. दोन-तीन पिशव्या एकामागे एक फेकल्या तर पकड वाढते. तिसरा मार्ग हुकांचा आणि तो शिकलेल्यांनीच वापरावा. ही सगळी कामं पहिल्याच गारठ्यात करून बघण्यापेक्षा एखाद्या जलतरण तलावावर मौज म्हणून करून बघा. पाण्यातून ओली पिशवी फेकणं किती कठीण आहे ते तेव्हा कळतं.

उडी मारण्याआधी प्रत्येक वेळी खोली मोजा, एकाने आधी दोरावर उतरून, पायाने तळ चाचपून. पूर दर वेळी नवा ओंडका, नवा दगड आणून टाकतो. मोडलेला घोटा एरवी त्रासदायक, पण इथे तो रात्र घळीत काढायला लावतो. माझ्यापुरतं मी ठरवलं आहे की दोराने उतरता येत असेल तर उडी नाही.

अरुंद जागी पाठ एका भिंतीला आणि पाय दुसऱ्या भिंतीला रेटून सरकायचं. पिशवी काढून हार्नेसखाली लोंबती ठेवा, पाठीवर ठेवली तर ती अडकते.

थंडीवर नजर

ही जबाबदारी एकाला नेमून द्या आणि त्याने दर कड्याच्या खाली प्रत्येकाकडून अंगठा करंगळीला टेकवून घ्यावा. स्वतःचाही, कारण गारठणाऱ्याला आपण गारठतोय हे सर्वांत शेवटी कळतं.

हुडहुडी भरणं ही सुरुवात आणि ती चांगली खूण, शरीर अजून लढतंय. शरीराचं आतलं तापमान 35 अंशांखाली गेलं की हायपोथर्मिया सुरू झाला. मग माणूस अडखळतो, बोलताना शब्द चघळतो, वस्तू हातातून पडतात, विनाकारण चिडतो किंवा एकदम गप्प होतो. बडबड्या मित्र गप्प झाला तर त्याला काहीतरी हिशोब विचारा, शंभरातून सात-सात वजा करायला सांगा. हुडहुडी थांबली पण माणूस गारच आहे, सुस्तावलाय, तर ते बरं होण्याचं लक्षण नव्हे. तापमान 32 अंशांच्या आसपास उतरलं की शरीराची कापरं भरवण्याची ताकदच संपते.

सुरुवातीच्या टप्प्यात हालचाल, गोड खाणं, गरम पेय आणि उन्हाचा तुकडा पुरतो. हात जोरजोराने गोल फिरवा, उठाबशा काढा, एकमेकांना बिलगून उभे राहा. त्यापुढची अवस्था असेल तर पुढे जाणं थांबवा. पाण्याबाहेर, वाऱ्याआड, जमिनीवर दोराच्या पिशव्या पसरून त्यांवर बसवा किंवा आडवं करा. आडोसा मिळाला की ओला सूट काढून कोरडं घाला आणि आणीबाणीच्या पिशवीत गुंडाळा. गरम पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळून छातीशी आणि काखेत ठेवा. नीट शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तरच पेय द्या. हातपाय चोळू नका, दारू देऊ नका, धसमुसळेपणाने हलवू नका. फार थंड पडलेल्याचं हृदय धक्का सहन करत नाही. अशा वेळी बचाव पथक बोलावण्यासाठी दोघांनी पुढे किंवा उंच जागी जायचं आणि एकाने त्याच्याजवळ राहायचं.

बाहेर आल्यावर

शेवटच्या डोहातून निघाल्यावर थोडा वेळ अंग आणखी गार पडतं. तेव्हा लगेच गाडी चालवायला बसू नका. आधी कोरडे कपडे, टोपी, खाणं, आणि ज्याला निरोप दिला होता त्याला फोन.

घरी गेल्यावर दोर साध्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवा. वाळताना तो पूर्ण लांबी बोटांच्या चिमटीतून हळूहळू सरकवा. कुठे मऊ पडलेला, चपटा किंवा फुगलेला भाग लागला तर तिथे कापा. वेटसूट आतबाहेर उलटून वाळवा आणि शिवणी बघा. मग ज्या कड्यांवर जास्त वेळ गेला ते लिहून काढा. कोण कोणाची वाट बघत होतं, किती मिनिटं, पाण्यात की कोरड्यावर. माझ्या वहीत त्या तिसऱ्या कड्यासमोर लिहिलं आहे: ‘टोकाची गाठ सोडली नव्हती. 40 मिनिटं. पाण्यात.’